बाळारामच्या घरातला जॅक

कप जरा खाली ठेवा. ऐकताना चहा नाकात गेला तर मला बोल लावाल, आणि माझ्या डोक्यावर एक आख्खं घर आधीच आहे. खोटं नाही सांगत. कौलांसकट, माळ्यावरच्या भातासकट, आत कोंडलेल्या नवरीसकट!

शहापूर-मुरबाड टापूत जुना जॅक ओळखावा तर तो मीच, असं मी परवापरवापर्यंत स्वतःच्याच तोंडानं सांगत फिरायचो. हल्ली दुसरं कोणी सांगायला लागलं तरी मी घाईघाईनं भाताच्या पिकाचा विषय काढतो. का काढतो, तोच हा किस्सा.

माझं दुकान शहापुरात, हायवेच्या तोंडाशी. गाड्यांचं किरकोळ सामान: पट्टे, बल्ब, पाने, ऑइल, जॅक. शाळा फारशी झाली नाही. जे काही आलं ते गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन आलं. माझ्या खुर्चीमागं भिंतीवर एक पाटी आहे, मीच ब्रशनं रंगवलेली. 'हायड्रॉलिक जॅकवर गाडी तशीच सोडू नये. खाली ठोकळ्याचा आधार द्यावा.'

कारण साधं आहे. हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उचलतो. दांडा वरखाली केला की ट्रकसुद्धा हवेत. पण आतलं तेल हळूच, चोरपावलांनी मागं सरकतं, आणि वरचा भार तुमच्या नकळत खाली येतो. जुना स्क्रूचा जॅक तसा नाही. तो आट्यांवर चढतो, आणि जिथं थांबवला तिथं थांबतो. वर्षानुवर्षं थांबतो. म्हणून ती पाटी. गिऱ्हाईक समोरून येतं, त्याला ती दिसते. मी मात्र तिच्याकडं पाठ करून बसतो. एवढं ध्यानात ठेवा. मला ते फार उशिरा आठवलं.

आता जुने जॅक गोळा करायचं खूळ मला लागलं कुठं? मुरबाडच्या एका भंगारवाल्याकडं. त्याच्या काट्यावर एक स्क्रूचा जॅक पडला होता. बिडाचं अंग, चौकोनी आटे, आणि दांडा घालायच्या भोकाशी लोखंड झिजून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. मी सहज बोट फिरवलं आणि मनात आलं, किती जणांच्या अडचणीला हा धावला असेल!

बघा ना, गाडीतल्या बाकी सगळ्याचं कौतुक होतं. हॉर्नचं होतं, सीटकव्हरचं होतं, काचेला टांगलेल्या लिंबू-मिरचीचंसुद्धा होतं. जॅक आपला डिकीत, जुन्या चादरीखाली. वर्षभर कोणाला त्याची आठवण नाही. मग माळशेजच्या वळणावर टायर बसतो, पाऊस झोडपतो, बायको आतून विचारते, "आता काय?" की जॅक शोधा! काम झालं की परत चादरीखाली. प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. आमच्याकडं माझा थोरला काका होता. त्याच्याकडं लग्नात कोणी मान द्यायला गेलं नाही, पण मयताला सगळ्यात आधी हाक त्यालाच.

तर मी तो जॅक घरी आणला. मग दुसरा आणला. मग दातेरी पट्टीवर चढणारा एक, कात्रीसारखा उघडणारा एक, जुन्या जीपचा, जुन्या टांग्यासारख्या दिसणाऱ्या मोटारीचा. पडवीत लाकडी फळ्या मारल्या, जॅक ओळीनं मांडले.

सौ. म्हणाली, "लोकं म्हातारपणी देव वाढवतात. तुम्ही हे वाढवा."

"अगं, ह्यांना बघायला पुण्याहून माणसं येतात!"

"येतात ना. चहा मीच करते."

जॅक ओळखायचा कसा, हे शिकवणारा कोणी भेटला नाही. बघून बघून शिकलो. आधी डिझेलच्या फडक्यानं गंज पुसायचा. खाली मूळ रंगाचा एखादा ठिपका सापडतोच. मग दांड्याचं भोक बघायचं, गोल की चौकोनी की सहाकोनी. आटे बघायचे. पायथ्याशी ओतकामात उठवलेली अक्षरं असतात, ती वाचता येत नसली तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची. शेवटी सगळ्यात खाली गेला की त्याची उंची किती उरते ते बघायचं. त्यावरून कळतं, तो बुटक्या मोटारीचा की उंच लॉरीचा.

फसगत होतेच. एकदा टोकावड्याच्या धाब्यावरून फोन आला, "शेठ, लवकर या, इंग्रजांचा जॅक गावलाय!" धावत गेलो तर उसाच्या चरकाचा स्क्रू. तसाच रस पिऊन परत आलो.

आणि माझी एक रीत होती. जुना जॅक मी विकत घेत नसे. बदल्यात कोरा करकरीत नवा जॅक देत असे. समोरच्याला वाटायचं शेठ येडा आहे, मला वाटायचं मी हुशार आहे, आणि दोघंही आनंदात घरी जायचे.

मागच्या उन्हाळ्याच्या अखेरीस बाळारामभाऊ दुकानात आला. धसईच्या पुढं त्याचं गाव. भातशेती आणि भाजीपाल्याचा माणूस, अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. पंपाचा पट्टा घ्यायला आलेला. पट्टा बांधून देईपर्यंत त्याची नजर काउंटरवर पुसायला काढलेल्या एका जुन्या स्क्रूच्या जॅककडं गेली.

"असला आमच्याकडं बी हाय."

"कुठाय?"

"घराखाली."

"घराखाली म्हणजे? गाडलेला?"

"नाय वो. खांबाखाली. बा नं लावलेला."

मी पट्ट्याचं पुडकं त्याच्या हातात दिलं आणि त्याच्याच मागोमाग दुकानाबाहेर पडलो. सौ. ला फोनवर सांगितलं, जेवायला वाट बघू नकोस. तिनं विचारलंसुद्धा नाही, कशासाठी.

घर साधंच. कौलारू, पुढं ओटी, आत माजघर, वर भात ठेवायचा लाकडी माळा. माजघराच्या दाराला लागूनच एक सागाचा खांब, त्यावर माळ्याची मोठी तुळई. खांबाचं बूड वाळवीनं खाल्लेलं. तेवढं कापून टाकून त्याच्या जागी, सपाट दगडावर, उभा होता तो!

आता काय वर्णन करू? शेणानं सारवताना हात लागून लागून निम्मा माखलेला, वर हळदकुंकू, दसऱ्याच्या झेंडूचा वाळलेला देठ अडकलेला. पण मी गुडघ्यावर बसलो, बोटानं खरवडलं आणि माझं काळीज हललं. बाजूनं दांडा फिरवायचा, आत दातेरी चक्र, आटे हातानं कापल्यासारखे. पायथ्याला उठावाची विलायती अक्षरं. गंजाखाली हिरवा ठिपका.

"बाळारामभाऊ, हा पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या लॉरीचा आहे! स्वातंत्र्याच्या आधीचा माल. लॉरी लाकडाची वाहतूक करणारी असणार, मागचं अंग जड, चाकांचा आस उंच."

 उत्तर त्याच्या बायकोनं दिलं. सुमनवहिनी. धसईच्या बाजारात भाजी विकते. अख्ख्या बाजारात तिच्याशी घासाघीस करून कोणी जिंकलेलं नाही.

"बरोबर बोललात. मामंजी लाकडाच्या लॉरीवर व्हते. लॉरी मोडीत गेली तवा मालकानं त्यांना हा दिला. मामंजी बोलले, गाडी नाय तर नाय, घर तरी उचलीन."

मी हसलो. वहिनी हसली नाही.

"दरसाल पावसाआधी दांडा घालून जरासा पीळ द्यायचे. आता हे देतात."

मग मी माझं नेहमीचं भाषण काढलं. जुनं द्या, नवं घ्या. गाडीत नवाकोरा हायड्रॉलिक जॅक होता, बाटलीसारखा, लालभडक. म्हटलं, "वहिनी, हा आख्खा ट्रक उचलतो. घर म्हणजे याला किस झाड की पत्ती! आणि एका बोटानं!"

"मामंजींची वस्तू हाय ती," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो! इथं शेणात कुजतेय. मी पुसून, तेल लावून, मानानं मांडीन. खाली पाटी लावीन. पुण्याची माणसं येऊन बघतील."

बाळारामनं एकच प्रश्न विचारला. जन्मात विसरणार नाही.

"शेठ, ह्याला पीळ कवा द्यायचा?"

आणि मी, तीन प्रकारच्या जॅकवर दोन तास बोलू शकणारा मी, खो खो हसलो. "भाऊ, याला पीळबीळ नसतो! लावला की विसरून जायचं!"

पाठीमागची पाटी शहापुरात होती ना.

शेजारचे दोघे आले, तुळईला बांबूचे टेकू दिले. मी स्वतः जुना काढला, नवा सरकवला, बोटानं दांडा मारून दाखवला. तुळई केसभर वर गेली. सगळे "वा!" म्हणाले. वहिनीनं जुना जॅक पदरानं पुसून माझ्या हातात दिला, मुलगी सासरी धाडताना देतात तसा. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मी पायथ्याची अक्षरं वाचत होतो.

घरी आणून त्याची जी सेवा केली ती मी माझ्या बापाची केली नसेल. डिझेलचं स्नान, बारीक ब्रशनं दात घासणं, आट्यांना तेल. सागवानी बैठक केली. पितळी पाटी कोरून घेतली आणि ती जॅकच्या मानेलाच पक्क्या तारेनं बांधली. पाटीवर मजकूर माझा: 'सेवेतून निवृत्त. कृपया हात लावू नये.'

सौ. नं वाचलं. "आणि त्याच्या जागी कामावर कोण?"

"नवा माणूस दिलाय."

"बघा हो. नवी माणसं टिकत नाहीत."

तिला तरी काय कळतं जॅकमधलं, म्हणून मी सोडून दिलं.

श्रावणात बाळारामचा पहिला फोन. "शेठ, माजघराचं दार वर घासतंय."

"भाऊ, पावसाळा आहे. लाकूड फुगतं. रंधा मारून घ्या."

त्यानं सुतार बोलावला, दाराचा वरचा काठ तासला.

गणपतीच्या आसपास दुसरा फोन. "कौलं सरकलीत. दोन जागी गळतंय."

"वानरं! तुमच्याकडं डोंगर जवळ. वानरांशिवाय कौलं कोण सरकवणार?"

त्यानं वानरांसाठी फटाके आणले. वानर एकही आलं नाही. फटाके शेवटी गणपतीला वाजले.

मग दार पुन्हा घासायला लागलं. पुन्हा रंधा. मग घर रात्रीचं कण्हतंय म्हणून फोन. मी म्हटलं, उंदीर. बाळारामनं उंदरांचा पिंजरा लावला. मला सगळ्याचं उत्तर येत होतं. फोनवर तर मी फारच हुशार असतो. मला एका गोष्टीचं आजही नवल वाटतं. एकदाही त्यानं जॅकचं नाव काढलं नाही आणि मलाही सुचलं नाही. त्यानं काढलं नाही कारण मी म्हटलं होतं, विसरून जायचं. तो शब्दाचा माणूस, विसरला.

दसऱ्यानंतर मात्र फोनवर सुमनवहिनी आली.

"शेठ, मामंजी सपनात आले."

"बरं आहेत ना?"

"मस्करी नका करू. ओटीवर उभे व्हते. बोलले, 'सुमन, माजा हात सोडवलास.' दसऱ्याला मी त्या लाल बाटलीला फुलं वाहिली, पर मन नाय भरलं. तिच्या खाली तेलाचा डाग बी पडलाय. आमचं घर रुसलंय. मामंजींचा जॅक परत आणा, घर गप व्हईल."

आता माझ्यातला सुधारक जागा झाला! मी फोनवर व्याख्यान दिलं. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या मुलीची आई! कुठं स्वप्न, कुठं घराचं रुसणं! लोखंडाला भावना नसतात. प्रत्येक गोष्टीला शास्त्रीय कारण असतं."

"मंग सांगा कारण."

"...आर्द्रता," मी म्हणालो.

 तेलाचा डाग माझ्या एका कानातून आत आला, दुसऱ्यानं निघून गेला. नवी वस्तू, थोडा घाम येणारच, असं काहीतरी मी पुटपुटलो.

मग ती म्हणाली, "बरं, असू द्या. निकिताचं जमलंय. तुळशीचं लगीन झालं की साखरपुडा. मुरबाडची माणसं हायेत. मुलाची आत्या जरा कडक हाय, तिनं नाक मुरडलं तर मोडंल. त्या दिवशी तरी मामंजींचा जॅक घेऊन या. त्यांच्या फोटूपाशी ठेवू. नातीची सुपारी बघतील. एक दिवसापुरता, मंग न्या तुमचा."

निकिता म्हणजे त्यांची एकुलती एक. मुरबाडला औषधांच्या दुकानात कामाला. पोरगी धीट आणि हसरी. नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगू? माझ्या मनात आलं, चार पाहुण्यांना पितळी पाटी दिसेल.

साखरपुड्याला पांढरा झब्बा घालून, जॅक मांडीवर घेऊन, सौ. सह मी हजर. माजघराच्या दारालगत, खांबाच्या अगदी शेजारी, पाटावर मामंजींचा फोटो. त्यापुढं मी बैठक मांडली. जॅकला झेंडूचा हार. आणि खांबाखाली त्याच्या जागेवर लाल बाटली, वर नवा टॉवेल झाकलेला. जुना बघत होता, नवा राबत होता. टॉवेल उचलून बघायचं माझ्या मनात आलं नाही. पाहुणे पाटी वाचत होते ना!

वर माळ्यावर नवं भात नुकतंच चढवलेलं. पोती, त्यावर मांडवाच्या गाद्या, त्यावर भाड्यानं आणलेली पातेली. तुळईवर किती भार होता, कोणी विचार केला?

आमच्याकडं साखरपुड्याला मुलाकडची साडी येते. मुलगी ती घेऊन आत जाते, नेसून बाहेर येते, मग ओटी भरतात, अंगठी घालतात. तशी निकिता साडी घेऊन माजघरात गेली. नेसवायला मुलाची आत्या गेली. तीच ती. जाताना तिनं घराकडं वरून खालपर्यंत असं बघितलं, जणू वांगी निवडतेय. दार लोटलं. तासून तासून दार एव्हाना इतकं बारकं झालं होतं की बिनआवाज बंद झालं.

आणि मग वरून आवाज आला. करऽऽ...

घर कण्हलं. एक कौल निसटून अंगणात फुटलं. मुलाचे वडील म्हणाले, "काय झालं?"

मी म्हणालो, "उंदीर."

थोड्या वेळानं आतून निकिता. "आई, दार उघडत नाय."

बाळारामनं ढकललं. मुलानं ढकललं. मुलाच्या मित्रांनी ढकललं. दार ढिम्म! तुळई चौकटीवर बसली होती आणि चौकटीनं दाराला दातांत धरलं होतं. खिडकीला गज. आतून आत्याचा आवाज, "अरे बाहेर काय चाललंय? माजा जीव घुसमटतोय! हेच घर बघायला आणलंत का मला?"

भटजी घड्याळ बघायला लागले. मुलाकडच्या बायका कुजबुजल्या. एक म्हातारा अगदी ऐकू जाईल असं म्हणाला, "शकून बरा नाय." मुलाच्या वडिलांनी चपला कुठं काढल्या ते बघितलं. सुमनवहिनीचा चेहरा पांढरा पडला. बाजारात कोणालाही हार न जाणारी बाई, तिच्या डोळ्यांत पाणी! तिनं माझ्याकडं बघितलं नाही. फोटोकडं बघितलं. मला वाटतं, माझ्याकडं बघून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाळाराम पहार घेऊन आला. "दार फोडतो."

आणि त्या पहारीच्या टोकाला अडकून टॉवेल सरकला.

लाल बाटली! लावताना वीतभर वर आलेला तिचा दट्ट्या पार आत जाऊन बसलेला. खाली तेलाचं थारोळं. त्या क्षणी, सांगतो तुम्हाला, माझ्या डोळ्यांपुढं माझीच पाटी उभी राहिली. माझंच अक्षर. 'तशीच सोडू नये.' इतकी वर्षं गिऱ्हाइकांनी वाचली, मी आज पहिल्यांदा वाचली!

"थांबा! दार फोडू नका! घर अंगावर येईल!" मी ओरडलो. हायड्रॉलिकचा दांडा मारून बघितला. फुस्स. तेलच नव्हतं, उचलणार काय?

मी हार घातलेल्या जॅककडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता असं मी म्हणणार नाही. लोखंडाला भावना नसतात. पण मला मात्र शरम वाटली.

"चौघं इकडं या. बांबू घ्या. तुळईला खांदा द्या."

मुलाकडचे चौघं आले, नवरदेवसुद्धा. पहारीनं जरा उचलून धरलं. मी पांढऱ्या झब्ब्यासकट तेलात लोळण घेतली, लाल बाटली ओढून काढली. सौ. नं बैठकीवरून जुना जॅक उचलून माझ्या हातात दिला, हारासकट.  

जॅक दगडावर बसला. जागा त्याच्या ओळखीची. दांडा घातला आणि बाळारामला म्हटलं, "भाऊ, पीळ द्या."

त्यानं दिला. मी तेल घातलेले आटे लोण्यासारखे फिरले. निदान तेवढं पुण्य माझ्या खाती! तुळई कुरकुरली, थांबली, मग हळूहळू वर निघाली. आतून निकिताचा आवाज येत होता, अगदी शांत. "आत्या, पाणी घ्या. वारा घालते. आमच्या घराची खोडच हाय, उघडतं थोड्या वेळानं."

आणि दार आपोआप उघडलं. कोणी हात न लावता.

दारात निकिता, नवी साडी नेसून, हातात पुठ्ठ्याचा पंखा. मागं आत्या, घामानं डबडबलेली.  आत्यानं आधी पदर सारखा केला.

"एक सांगते," ती म्हणाली. सुमनवहिनीनं बाळारामचा दंड धरला. "मी आत बोंबलत व्हते. ही पोर नाय घाबरली. मला वारा घातला, पाणी पाजलं, वर माजीच साडी नीट केली. आमच्या घरात बोंबलणाऱ्या लय हायेत. अशी एक पायजे. घाला अंगठी!"

सगळं घर हसलं, आणि मग एकदम कल्ला. कोणी म्हणालं, "आज्यानं दार उघडलं!" झालं. जो तो येऊन जॅकला हात लावून पाया पडायला लागला. मी तेलात माखलेला उभा राहून सांगतोय, "अहो, तसं नाही, हायड्रॉलिकमधलं तेल झिरपतं, दाब कमी होतो, शास्त्रीय कारण आहे..." ऐकतोय कोण! मुलाच्या वडिलांनी माझ्या हातात पेढा ठेवला. "शेठ, आज तरी शास्त्र नको."

जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो. सुमनवहिनी पान घेऊन आली. मी तिला सगळं खरं सांगितलं. पाटीचं, तेलाचं, दार विनाकारण तासायला लावल्याचं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे मामंजी बोलले ते खरं," ती म्हणाली.

"वहिनी, मामंजी नाही, तेल..."

"माजा हात सोडवलास, असं बोलले. हात सुटला का नाय?"

 घरी येताना गाडीत मी विचार करत होतो. मी त्या जॅकचं सगळं ओळखलं होतं. लॉरी ओळखली, काळ ओळखला, गंजाखालचा रंगसुद्धा ओळखला. त्यानं वर काय धरून ठेवलंय ते मात्र डोळ्यांसमोर असून बघितलं नाही. वहिनीला त्याचं काहीच ओळखता येत नव्हतं. पण तो कोणाचा हात आहे, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. घरी पोचल्यावर फळीवरची रिकामी जागा बघून सौ. म्हणाली, "तिथं मी लोणच्याची बरणी ठेवू का?" ठेवली.

निकिताचं लग्न उन्हाळ्यात थाटात झालं. माजघराचं दार मात्र वरून एवढं तासलेलं राहिलं की मांजर उडी मारून वरूनच ये-जा करतं.

पण संग्राहकाचा जीव! गप्प बसवेना. परवा, पाऊस तोंडावर आलेला बघून, गवंड्याला घेऊन गेलो. म्हटलं, खांबाखाली सिमेंटचा पक्का पाया बांधून देऊ. माझ्याकडून. घर जन्मभर हलणार नाही. आणि मग... मग आपला तो जॅक...

सुमनवहिनी ओटी सारवत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "शेठ, तुमाला वाचता येतं ना?"

"येतं की."

"जरा खाली बसा. मामंजींच्या जॅकवर काय लिवलंय, मोठ्यानं वाचा बरं."

मी गुडघ्यावर बसलो. शेण, हळद, कुंकू, झेंडूचा देठ. मानेला माझी पितळी पाटी अजून चमकत होती. मी वाचली.

"'सेवेतून निवृत्त. कृपया हात लावू नये.'"

"त्यातलं पयलं खोटं हाय," वहिनी म्हणाली आणि पुन्हा सारवायला लागली. "पर दुसरं खरं हाय. आन ते तुमच्यासाठीच हाय."